निम्मे रानात, निम्मे मनात



वाचकहो, गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या म्हाताऱ्याने शिकारीवर लिहायला बसावे, हे तुम्हाला विपरीत वाटेल. वाटू द्या. चाळीस वर्षे मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघे साथ देत नाहीत, आवाज वरच्या पट्टीत जात नाही, म्हणून कीर्तन थांबवले. गादीवर असताना एक गोष्ट सांगायची राहून गेली. राहून गेली असे म्हणतो, पण खरे म्हणजे मी ती टाळली. ती सांगायची तर आधी रानात जावे लागेल, आणि रानात जायचे तर माझ्या मामाच्या मागून जावे लागेल. चला.

माझे आजोळ सातारा जिल्ह्यात, जावळीच्या रानाच्या कडेला. मामा शेतकरी. डोंगराच्या उतारावर नाचणी आणि वरी पिकवायचा. रानडुकरांचा कळप एका रात्रीत नाचणीचे अख्खे वावर उलटेपालटे करून जाई, म्हणून त्याच्याकडे पीकराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या सहा-सात वर्षे आधीचे हे दिवस. मी चौदा वर्षांचा होतो. माळ अजून गळ्यात पडली नव्हती.

गावात शिकार व्हायची ती हाका करून. वीस-पंचवीस गडी पत्र्याचे डबे वाजवत रान उठवायचे आणि बंदूकवाले मोक्याच्या जागी दबा धरून बसायचे. मामाला हाका आवडत नसे. तो म्हणायचा, "हाक्यात जनावर आपल्याकडं येतंय. त्यात आपण काय केलं?" तो एकटा, पायी, अनवाणी रानात शिरायचा. दिवाळीच्या सुटीत मला बरोबर घ्यायचा.

पहिल्या दिवशी मी भराभर पुढे चाललो होतो आणि प्रत्येक झुडपात डोकावत होतो. त्याने मला कॉलरला धरून थांबवले. म्हणाला, "आरं, जनावर हुडकायचं न्हाई. रान बघायचं. जनावर त्यातच असतंय." मग त्याने कंबरेच्या पिशवीतून चिमूटभर राख काढली आणि बोटांतून सोडली. राख आमच्या छातीवर आली. वारा समोरून आहे हे कळले. वारा पाठीवर घेऊन चालणाऱ्याला रानात काही दिसत नाही, कारण त्याचा वास त्याच्या आधी पोचतो. पुढे कीर्तनात अहंकारावर बोलताना मी हा दृष्टांत अनेकदा दिला. मामाचे नाव मात्र कधी घेतले नाही. माळकऱ्यांच्या सभेत शिकाऱ्याचे नाव कसे घ्यावे, ही लाज होती.

त्याचे चालणे म्हणजे मुख्यतः थांबणे असे. आठ-दहा पावले टाकायची आणि पुष्कळ वेळ उभे राहायचे. उभे राहिल्यावर मान हलवायची नाही, आधी नुसते डोळे फिरवायचे. अख्खे जनावर रानात कधी दिसत नाही, असे तो सांगे. झाडे उभी असतात; त्यांच्यात कुठे आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. पान हलते ते वाऱ्याने. पण वारा नसताना एकच पान दोनदा हलले तर तो कान असू शकतो. झुडपावर नजर ठेवायची नाही, झुडपातून पलीकडे पाहायचे.

जमीन वाचायलाही त्यानेच शिकवले. खुराच्या ठशाची कड धारदार असेल तर ठसा ताजा. कड ढासळली, त्यात पान पडले किंवा मुंगीने रस्ता केला तर शिळा. दवात ओलीच्या पट्टीतून कोरडी वाट दिसली तर पहाटेनंतर कोणीतरी गेले. वाटेवर कोळ्याचे जाळे आडवे असेल तर रात्रीपासून कोणी गेलेले नाही. सांबराने शिंगे घासलेल्या खोडाला हात लावून तो चीक ओला आहे का ते पाही. डुकरांच्या लोळणीपासून निघालेल्या वाटेवर झुडपाच्या पानांना चिखल लागलेला असे. त्याच्या उंचीवरून जनावर केवढे ते कळे. उंबर कुठे पिकला आहे, आवळा कुठे गळतो आहे, पाणवठा कोणता आटला आणि कोणता शिल्लक आहे, हे त्याला घरातल्या फडताळासारखे पाठ होते. जनावर कुठे असेल याचे उत्तर तो जनावराच्या भुकेत आणि तहानेत शोधी.

आणि ऐकणे. वानराची खॅक, भेकराचे भुंकणे, रानकोंबड्याचे एकाएकी गप्प होणे. रान सतत बोलत असते. आपण आपल्याच श्वासाचा आवाज ऐकत असतो म्हणून ते कळत नाही.

वाचकहो, मी शिकारीचे कौतुक सांगत नाही. मनुस्मृतीने राजाला लागणाऱ्या व्यसनांत मृगयेची गणना केली आहे आणि त्यातही ती घातक अशा चारांत धरली आहे. महाभारताच्या वनपर्वात तर फार हळवी कथा आहे. पांडव द्वैतवनात राहून शिकार करीत होते. एके रात्री धर्मराजाच्या स्वप्नात तिथली हरणे रडत आली. आता आम्ही बीजापुरतेच उरलो आहोत, तुम्ही दुसऱ्या वनात जा म्हणजे आमची जात वाढेल, अशी त्यांनी विनवणी केली. सकाळी उठून धर्मराजाने भावांना सांगितले आणि पांडव काम्यकवनात गेले. ज्या रानाने आपल्याला पोसले त्याच्यावर कोणता हक्क सांगायचा आणि कोणता सोडायचा, याचा निवाडा धर्मराजाने एका सकाळीत केला. आपल्याला त्याच गोष्टीसाठी 1972 पर्यंत थांबावे लागले.

तरीही एक प्रश्न मला अनेक वर्षे छळत होता. मामाचे ते थांबणे, ते पाहणे, तो वारा ओळखणे, हे सारे पापाचे का? ज्या एकाग्रतेसाठी आपण पहाटे उठून हरिपाठ म्हणतो आणि तरी मन भाजीबाजारात जाते, ती एकाग्रता त्याला रानात अनायासे साधली होती. व्युत्पत्ती पाहिली तरी गंमत आहे. 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणे. त्यावरून मृग, त्यावरून मृगया, आणि मार्ग हा शब्दही त्याच कुळातला. मार्गाचा मराठीत माग झाला. आपण पंढरीच्या मार्गाने जातो आणि शिकारी जनावराच्या मागावर जातो. शब्द मुळात एकाच घरचे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहून 1573 साली काशीत पूर्ण केली, म्हणून वारकऱ्याला हा भाग घरचाच. त्या चोवीसांत शरकर्ता आहे. बाण घडवताना त्याच्या शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही, म्हणून तो गुरू. मध काढणारा आहे. गाण्याला भुलून जाळ्यात सापडलेले हरीण आहे. पिलांच्या मोहाने पारध्याच्या जाळ्यात पडलेले कबूतर आहे. बाण करणारा गुरू झाला, बाणाने मरणारे गुरू झाले; पण बाण मारणारा पारधी मात्र गुरूंच्या यादीत नाही. का नाही? एकाग्रता तर त्याचीही होती. मी तरुणपणी याचे उत्तर 'हिंसेमुळे' असे देई आणि श्रोते टाळी देत. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. पुरे उत्तर मला मामाने दिले होते. ते कळायला मला अर्धे आयुष्य लागले.

तो दिवस सांगतो. कार्तिकातली संध्याकाळ. ओढ्याच्या वरच्या अंगाला डुकरांनी ताजी माती उकरली होती. ढेकळांचा पोटाकडचा भाग अजून ओला होता. आम्ही त्या मागाने कारवीच्या रानात शिरलो. उजेड कमी होत चालला होता. तेवढ्यात वीस-पंचवीस हातांवर माती उकरल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. मामा थांबला. मी कारवीच्या काटक्यांतून पाहिले. काळी पाठ दिसली. ती खालीवर होत होती. पाठीच्या कण्यावर उभे राहिलेले केस दिसले. मी कुजबुजलो, "मामा, डुक्कर. मोठा एकुल."

मामाने बंदूक खांद्याला लावली. मी श्वास धरून बाराची वाट पाहू लागलो. बार होईना. माझ्या मनात राग आला. जनावर निसटेल, म्हाताऱ्याला दिसत नाही की काय, असे वाटले. मी त्याच्या कोपराला हळूच ढोसले सुद्धा. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

मग ते जनावर उभे राहिले. कमरेवर हात ठेवून, कण्हत, सरळ झाले. वरच्या वाडीतली धनगराची आजी होती. डोक्यावरून काळी घोंगडी घेतलेली, तिच्या काठाच्या दशा वर आलेल्या. वाकून करांदे उकरत होती. तिने डोळ्यांवर हात धरला आणि विचारले, "कोन हाय रं तिकडं?"

मामा म्हणाला, "म्या हाय, आज्जे." त्याचा आवाज मी तसा पूर्वी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही. तो खाली बसला. बंदुकीची टोपी काढून त्याने खिशात टाकली. ती काढताना त्याची बोटे थरथरत होती. आजीला काहीच कळले नव्हते. तिने ओच्यातले पसाभर करांदे माझ्या हातात घातले. "भाजून खा रं पोरा," म्हणाली. रात्री मामीने ते चुलीत भाजले. मला घास गेला नाही.

घरी येताना मी विचारले, "मामा, तुम्ही बार का नाही टाकला? मला तर केस दिसले होते. खरंच दिसले होते."

तो म्हणाला, "वारं तोंडावर हुतं. डुकराचा वास यायला पायजे हुता. वास येत हुता चुलीच्या धुराचा." थोडे चालून पुन्हा बोलला, "भाच्या, निम्मं जनावर रानात असतंय आन् निम्मं आपल्या मनात. रानातलं निम्मं पुरं दिसल्याबिगर चापाला बोट लावायचं न्हाई. मनातलं निम्मं लई घाई करतंय."

वाचकहो, मी पुढे गुरुजनांपाशी वेदान्त शिकलो. अध्यास म्हणजे काय, हे शिकताना दोरीवर दिसणारा साप आणि शिंपल्यावर दिसणारे रुपे हे दोन दृष्टांत पाठ केले. दोरीचा साप भयाने होतो, शिंपल्याचे रुपे लोभाने होते. पोथीत हे वाचताना माझ्यासमोर दोरीही नसे आणि शिंपलाही नसे. काळी घोंगडी असे. आणि एक गोष्ट पोथीपेक्षा मला तिथे जास्त कळली होती. मी खोटे बोललो नव्हतो. केस मला दिसले होते. आजही डोळे मिटले तर दिसतात. माग खरा होता, उकरलेली माती खरी होती, आवाज खरा होता. प्रत्येक खूण खरी, आणि त्या खुणांवर मी उभे केलेले जनावर तेवढे खोटे.

दशरथाचे असेच झाले. तरुणपणी, पावसाळ्याच्या दिवसांत, शरयूच्या काठी अंधारात तो सावजाची वाट पाहत होता. पाण्यात घट बुडाल्याचा आवाज आला. त्याला तो हत्तीचा वाटला आणि शब्दवेधी बाण सुटला. तो आंधळ्या आईबापांचा एकुलता आधार होता. आपण मराठी माणसे त्याला श्रावणबाळ म्हणतो. शब्दवेध ही केवढी विद्या! पण कान अचूक असला म्हणून मन अचूक होत नाही. उलट कानाच्या गर्वाने मन अधिक घाईने निवाडा करते. दशरथाने ही गोष्ट कौसल्येला सांगितली ती राम वनात गेल्यावर, मरणाच्या रात्री. इतकी वर्षे ती पोटात होती. मी तरुणपणी हे आख्यान लावले तेव्हा श्रावणबाळासाठी रडलो. आता दशरथ इतकी वर्षे गप्प का राहिला, ते कळते.

कारण मीही बार टाकला आहे. आता ती गोष्ट सांगतो.

1988 सालच्या आषाढी वारीत आमच्या दिंडीत फासेपारधी समाजातला एक तरुण आला होता. पाणी भरायचे काम त्याने आपणहून घेतले होते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठे, हंडे भरून ठेवी आणि दिवसभर दिंडीच्या शेवटी चाले. त्याच्या डाव्या पायाची करंगळी नव्हती. नातेपुत्याहून माळशिरसकडे जाताना माळरानावर त्याने मला जमीन दाखवली. "महाराज, हितनं रात्री साळिंदर गेलंय. ह्यो तितराचा रस्ता. ह्यो ससा बसलेला." माझ्या डोळ्यांसमोर मामा उभा राहिला. फार वर्षांनी कोणी माझ्याशी त्या भाषेत बोलत होते. मी त्याला माझ्या ताटाशेजारी बसवून जेवू घातले आणि मनात स्वतःचे कौतुकही केले.

दोन दिवसांनी भिशीच्या पेटीत बाराशे रुपये कमी भरले. पेटी ट्रकमध्ये असे. मी ट्रकपाशी गेलो. मामाने शिकवलेले डोळे मी खाली लावले. मागच्या चाकाजवळ, ओल्या मातीत, अनवाणी पावलाचा ठसा होता. कडा ताज्या. डावे पाऊल. बोटे चार.

पुढचे सारे माझ्या मनाने काही क्षणांत जुळवले. ज्याला माळावरचा ससा दिसतो त्याला पेटी दिसणार नाही का? तो सगळ्यांच्या आधी का उठतो? आदल्या दिवशी त्याने बाजारात मुलीसाठी बांगड्या घेतल्या, त्या कशाच्या पैशांतून? पाहा, ज्या गुणांसाठी मी त्याला शेजारी बसवले होते तेच गुण पुरावा झाले.

आणि हे मनातले निम्मे जनावर मी एकट्याने घडवले नव्हते. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 1952 साली, तो कायदा रद्द झाला. माझा जन्म जवळपास त्याच सुमाराचा. म्हणजे मी त्या कायद्याखाली एक दिवसही शहाणा होऊन जगलो नाही, तरी तो माझ्या मनात शाबूत होता. वाडवडिलांच्या बोलण्यातून, गावाच्या नजरेतून आलेला. काळी घोंगडी मी नेसवली नव्हती, पण डुक्कर मीच पाहिले.

त्या रात्री तळावर माझे कीर्तन होते. मी कोणाचे नाव घेतले नाही. चतुर माणूस नाव घेत नाही. परद्रव्यावर बोललो, संतसंगात येऊनही जुना हात सुटत नाही असे बोललो, आणि बोलताना नजर त्याच्यावर रोखून धरली. दोनशे माणसांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिले. तो खाली पाहत बसला होता. टाळकऱ्यांनी टाळ उचलले, मृदंग वाजला. कीर्तन रंगले, असे लोक म्हणाले.

पहाटे तो नव्हता. हंडे मात्र काठोकाठ भरलेले होते.

पंढरपुरात दशमीला हिशेब जुळवताना आमच्या हिशेब ठेवणाऱ्या वृद्ध वारकऱ्याच्या पोथीतून एक चिठ्ठी निघाली. टँकरच्या डिझेलसाठी बाराशे रुपये त्यांनीच दिले होते. वहीत लिहायचे राहिले होते. ट्रकमध्ये रात्री हंडे ठेवलेले असत. तो पहाटे तिथे रोजच जात होता. ठसा खरा होता.

वाचकहो, आता त्या चोवीस गुरूंच्या यादीकडे पुन्हा या. शरकर्ता एकाग्र झाला तेव्हा त्याला स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते. हातातला बाण सरळ व्हावा एवढेच होते. पारध्याची एकाग्रता सावज मिळावे म्हणून असते. तिच्या मुळाशी 'मला हवे' बसलेले असते, आणि जे हवे असते ते मन आधीच पाहून ठेवते. मला त्या दिवशी चोर हवा होता. कीर्तनकाराला पापी हवाच असतो. त्याच्यावाचून रंग कसा भरणार? चाळीस वर्षांत मी गादीवरून किती जणांचा असा माग काढला असेल, पांडुरंग जाणे.

कोणी म्हणेल, "महाराज, मग निवाडाच करू नये का? पेटीतले पैसे गेले तर गप्प बसावे का?" तसे नव्हे. मामा निवाडा करीत होता. नाचणी वाचवायची होती, घरात खाणारी तोंडे होती. पुरे दिसल्यावर तो बार टाकी आणि तो चुकत नसे. जनावर मेल्यावर मात्र तो त्याच्याजवळ जाऊन बसे, घटकाभर बोलत नसे. त्याला मी कधी बढाई मारताना पाहिले नाही. प्रश्न बार टाकण्याचा नाही, त्याच्या आधीच्या थांबण्याचा आहे. मी पेटीची चौकशी केली असती, हिशेब ठेवणाऱ्याला एकदा विचारले असते, त्या तरुणालाच बाजूला घेऊन "तू ट्रककडे कशाला गेला होतास?" एवढे विचारले असते, तर वारा तोंडावर होता, धुराचा वास मला आला असता. मी विचारले नाही. कारण विचारले तर सावज निसटेल, अशी भीती होती. ही भीती मनात उठली की समजावे, आपण शोधत नाही, शिकार करतो आहोत.

आणि एक सांगायचे आहे. एकादश स्कंधाच्या आरंभी कबुतराच्या कथेत पारधी येतो, तसा शेवटीही येतो. यादवकुळाचा नाश झाल्यावर श्रीकृष्ण प्रभासक्षेत्री पिंपळाखाली मांडीवर पाय ठेवून बसले होते. जरा नावाच्या व्याधाला दुरून तो तांबूस तळवा हरणाच्या तोंडासारखा दिसला. त्याने बाण मारला. जवळ येऊन पाहतो तो साक्षात भगवंत! तो पाया पडला, म्हणाला मला मारून टाका. देवाने त्याला भिऊ नकोस म्हटले आणि त्याच्या देखत त्याला स्वर्गाला धाडले. जखमी झालेल्यानेच जखम करणाऱ्याला अभय दिले.

हे आख्यान लावताना मी नेहमी देवाच्या करुणेवर थांबत असे. आता माझे लक्ष जरा व्याधाच्या चार पावलांवर जाते. बाण सुटल्यावर तो जवळ गेला. सावज आणायला गेला असेल, पण गेला; म्हणून त्याला कोणाला बाण लागला ते कळले, आणि पाय धरता आले. मी जवळ गेलो नाही. दशमीला चिठ्ठी सापडली तेव्हा मी दिंडीसमोर चूक कबूल केली, पण ज्याला लागले तो तिथे नव्हता. त्याच्या गावाचे नाव मी कधी विचारलेच नव्हते. शेजारी बसवून जेवू घातले आणि गाव विचारले नाही!

त्यानंतरच्या प्रत्येक आषाढीला मी त्याला शोधले. मामाने शिकवलेले सारे वापरले. तहान-भूक कुठे नेते ते पाहायचे, म्हणून पाण्याच्या टँकरपाशी उभा राहिलो, अन्नछत्रांत वाढायला उभा राहिलो. माळशिरसच्या पालांवर जाऊन विचारले. तिथे मला पाहताच माणसे गप्प झाली, रानकोंबडे गप्प होतात तशी. माझा वास माझ्या आधी पोचला होता. वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा मी वाकलो की आधी डाव्या पायाची बोटे मोजतो. पाच असतात. तरी डोके ठेवतो.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. कायदा झाला तेव्हा त्याने बंदूक सरकारात जमा केली, आणि मी माळ घातली तेव्हा मला म्हणाला, "बरं केलंस. पर माळ घातली म्हंजी शिकार सुटली असं समजू नगंस." मी तेव्हा हसलो होतो.

तुमच्या घरात, गावात, दिंडीत कोणाविषयी खुणा जुळू लागतील तेव्हा एवढे करा. थांबा, आणि ज्याच्या खुणा आहेत त्यालाच जाऊन विचारा. आणि डाव्या पायाला चार बोटे असलेला, आता साठीकडे आलेला कोणी वारकरी तुमच्या दिंडीत पाणी भरताना दिसला, तर त्याला माझ्याकडे आणू नका. त्याला तेवढाही त्रास नको. त्याच्या पायांवर डोके ठेवा आणि सांगा, एक म्हातारा कीर्तनकार अजून शोधतो आहे.

रामकृष्णहरी.